गेरूवरची अक्षरं

ओल्या गेरूचा वास आला की शिंदखेड्याची शाळा आठवते आणि माझी मान खाली जाते. आमचे इंग्रजीचे सर निवृत्त होणार होते, म्हणून मी दारात गेरू सारवून रांगोळीनं इंग्रजीत ‘गुड रिडन्स’ लिहिलं. कुठंतरी वाचलेलं, छानसा निरोप असा अर्थ मीच लावलेला. सर वाचून थबकले. मग ‘तुनं अक्षर भलतं छान शे, बेटा,’ म्हणत रांगोळीमागे उभे राहिले आणि फोटो काढायला लावला. धुळ्याला कॉलेजात गेल्यावर खरा अर्थ कळला, ‘बरं झालं, पीडा टळली!’ परवा सरांच्या घरी गेले, तर तोच फोटो भिंतीवर. सरांनी कौतुकानं तिकडं बोट दाखवलं, पण माझी मान वर होईना.