मॅट नंबर दोनचं घड्याळ

आमचा किकबॉक्सिंगचा क्लास लालबागला, एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी भरतो. परळचं ऑफिस सुटलं की मी चालत तिकडे जाते. तिशीपर्यंत मी स्वतः खेळले, मग गुडघ्याने दगा दिला आणि मी लहान मुलींना शिकवायला लागले. त्यातली एक मुलगी आठ वर्षांची असताना आली होती. परळच्या चाळीत राहायची. आई हॉस्पिटलात नर्स. पहिल्या दिवशी तिने माझ्या पोटात लाथ मारली आणि लगेच "सॉरी ताई" म्हणून रडायला लागली. एकोणिसाव्या वर्षी ती भारताच्या संघात आली, आणि त्याच वर्षी किकबॉक्सिंगची आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धा दादरजवळच्या एका संकुलात भरली.

गुण देणारे पंच बाहेरच्या देशांतले होते. वेळ लावायला, गुण लिहायला मात्र आम्ही इथलेच. मला मॅट नंबर दोनचं घड्याळ दिलं होतं. दुपारी तिथला मोठा स्क्रीन बंद पडला, तेव्हापासून वेळ फक्त माझ्या हातातल्या स्टॉपवॉचवर दिसत होती.

तिची फायनल त्याच मॅटवर लागली. खरं तर मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं, की ही माझ्या क्लासची मुलगी आहे, दुसरं कुणी बसवा. नाही सांगितलं. मला तिला जवळून बघायचं होतं.

समोर कझाकस्तानची मुलगी होती, उंच आणि शांत. आमच्या प्रकारात ठोसा किंवा लाथ लागली की रेफरी थांबवतो, पंच बोटांनी गुण दाखवतात, पुन्हा सुरू. पण तेवढ्यात घड्याळ चालूच असतं. रेफरीने दोन्ही हातांनी टीची खूण केली तरच ते थांबवायचं. दोन दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीच्या शेवटाला आठ-सात, आमची एका गुणाने मागे. गॅलरीतून तिची आई ओरडत होती, आवाज बसला होता तिचा.

तेवढ्यात कझाक मुलीच्या हेल्मेटचा पट्टा सुटला. रेफरीने टी दाखवला, मी घड्याळ थांबवलं. बावीस सेकंद बाकी होते.

पट्टा बांधून झाला. रेफरीने "फाइट" म्हटलं. आमची पोर मागे सरकत सरकत कडेला गेली. मी मनात म्हणत होते, बाहेर जाऊ नकोस, आत ये, आत ये. दोघी एकमेकींवर धावल्या, गुंतल्या, रेफरीने सोडवलं. गुण कुणालाच नाही. मी खाली बघितलं तर घड्याळात बावीसच.

मी बटण दाबलंच नव्हतं.

अंगठा आपोआप दाबला गेला. बाजूला गुण लिहिणाऱ्या बाई मॅटकडे बघत होत्या, त्यांना काही कळलं नव्हतं. कुणालाच कळलं नव्हतं. हात वर करून खेळ थांबवायची ती वेळ होती, आणि मी नुसती आकड्यांकडे बघत बसले. पंधरा. दहा. सहा. चारवर असताना आमच्या मुलीने उडी न मारता, जागच्या जागी वळून डोक्याला लाथ लावली. स्वच्छ. तीनही पंचांची दोन दोन बोटं वर. नऊ-आठ. घड्याळ शून्यावर आलं आणि मी घंटा वाजवली.

हॉल दणाणून गेला अक्षरशः. रेफरीने तिचा हात वर केला. ती माझ्याकडे बघून हसली, दातातलं गार्ड न काढताच.

पुढची मॅच लागली. मी ती पूर्ण काढली, डोळे घड्याळावरून हलवले नाहीत. किती सेकंद गेले असतील? तीन? पाच? कदाचित लाथ वेळेत असेलही. कदाचित नसेल. समोरच्या संघाने तक्रार केली नव्हती. मी गप्प बसले असते तर आयुष्यभर कुणी विचारलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मॅच संपल्यावर घड्याळ बाईंच्या हातात दिलं आणि मुख्य पंचांकडे गेले. साठीचे परदेशी गृहस्थ, चहा पीत होते. मी इंग्रजीत सांगितलं, माझ्याकडून घड्याळ उशिरा सुरू झालं.

"किती उशिरा?"

"माहीत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. कझाक कोचच्या मोबाइलवर मॅचचा व्हिडिओ होता, तो मागवला. क्लास चालवणारे आमचे सर धावत आले, मला बाजूला ओढलं.

"वेड लागलंय का तुला? कोणी विचारलं होतं?"

"सर, माझी चूक आहे."

"चूक तुझी, आणि मेडल तिचं!"

मी हात सोडवून घेतला आणि मुख्य पंचांकडे परत गेले.

व्हिडिओ तीनदा बघितला. रेफरीच्या "फाइट"पासून माझा अंगठा हलेपर्यंत नऊ सेकंद गेले होते. म्हणजे ती लाथ खरी वेळ संपल्यावर पाच सेकंदांनी लागली होती. निकाल बदलला. कझाक मुलीला बोलावलं तेव्हा तिचे केस ओले होते, अंगावर ट्रॅकसूट. तिला आधी काही समजेना. समजल्यावर ती कोचच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आमची पोर मॅटवर ताठ उभी राहिली, रेफरीने दुसरीचा हात वर केला तेव्हा टाळ्याही वाजवल्या. रुपेरी पदक गळ्यात घातलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

तिची आई जिन्यात भेटली. मला वाटलं, आता बोलेल. तिने फक्त विचारलं, "तुम्ही जेवलात का सकाळपासून?" मी नाही म्हटलं. तिने पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून दिला आणि खाली निघून गेली.

पुढचे तीन आठवडे पोर क्लासला यायची, वॉर्मअप करायची, बाकीच्यांशी बोलायची. मी पॅड धरले की दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहायची. सरांनी मला पुन्हा कधी घड्याळावर बसवलं नाही, मीही विचारलं नाही.

एका संध्याकाळी तिच्या आईच्या हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर ती मागून चालत आली. माझ्या बरोबरीने चालायला लागली.

"मी हरले होते, ते मला कळलं गं," ती म्हणाली. "त्याचं नाही एवढं."

"मग?"

"तू त्यांच्याकडे गेलीस. आधी माझ्याकडे यायचंस ना. मी वरती आईला फ्लाइंग किस देत होते, ताई. सगळ्यांसमोर. आणि तुला माहीत होतं."

मी उभीच राहिले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढे दिवस मी माझा खरेपणाच कुरवाळत बसले होते, आणि निकाल बदलेपर्यंतचा पाऊण तास ती न मिळालेलं पदक हॉलभर मिरवत फिरत होती.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "तू तेव्हाच थांबवलं असतंस ना, तर बावीस सेकंद परत मिळाले असते मला. मी मारली असती."

मारली असती की नाही, कोण जाणे. मी मान हलवली. सिग्नलवर गाड्या थांबल्या, ती पळत रस्ता ओलांडून गेली. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पॅड नीट धर, मी जोरात मारणार आहे."

जोरात मारलं तिने. दोन दिवस माझं मनगट सुजलेलं होतं.