माय फलाटावर राहिली

आमच्या गावाहून नागपूरला जायचे पुष्कळ मार्ग आहेत, म्हणजे धड एकही नाही. गोंडपिपरीपर्यंत काळीपिवळी जीप, तिथून चंद्रपूरला एसटी, आणि पुढे रेल्वे, एसटी नाहीतर ट्रॅव्हल्स, जे हाताला लागेल ते. नागपुरात उतरलं की ऑटो, शहर बस, मेट्रो. जावयापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो. सोबत यायला मात्र एकालाही सवड नसते.

मायला घेऊन मी निघाले, ती अशाच सल्ल्यांचं गाठोडं घेऊन. तिचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. दुसऱ्यात थोडी नजर उरली होती आणि ती वाचवायची तर लवकर ऑपरेशन हवं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी त्या दिवशी दुपारची वेळ दिली होती. त्यासाठी किती फोन केले ते माझं मलाच ठाऊक. ऑटोच्या धुराने मायला मळमळतं, म्हणून मी मेट्रो निवडली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

आमच्याकडे गाडीत शेवटी चढणारा मागे वळून पाहतो. कोणी पळत येत असेल तर पायरीवर उभा राहूनच ओरडतो, "थांबवा गा, बाई येऊन राह्यली." ड्रायव्हर कुरकुरतो, पण थांबतो. पायरीवर माणूस असताना गाडी हलत नाही. आणि कोणी मागे राहिलंच, तर पुढे गेलेला माणूस पुढच्या फाट्यावर उतरून त्याची वाट बघतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही. सगळे तसंच करतात, म्हणून आपणही करतो.

मेट्रो आली. पिशवी, फाइल, दोघींची तिकिटं, सगळं माझ्याकडे होतं. मी आत शिरले, माय माझ्या मागोमाग. एवढ्यात जिन्यावरून धावत येणाऱ्या चपलांचा आवाज आला. मायला अंधुक दिसत असलं तरी कान तिखट होते. ती दारातून एक पाऊल मागे सरली आणि हात वर करून म्हणाली, "या बाई, या. गाडी थांबून हाय." ती बाई शेजारच्या दाराने आत आलीसुद्धा. आमचं दार मात्र मिटलं, आणि माय बाहेर राहिली.

मी काचेवर थापा मारल्या. मायने शांतपणे मान डोलावली. एवढी शांत का आहे ही, ते मला तेव्हा कळलंच नाही. कोणी म्हणालं बटण दाबा, कोणी म्हणालं पुढच्या स्टेशनवर उतरा. गाडी केव्हाच सुटली होती. फोन माय वापरत नाही, पाट्या तिला वाचता येत नाहीत. हातात तिची फाइल धरून मी दाराशीच उभी राहिले.

पुढच्या स्टेशनवर उतरले, जिने चढले-उतरले, उलटी गाडी धरून परत आले. फलाटावर माय नव्हती. तिथला गार्ड म्हणाला, "म्हातारी ना? दुसऱ्या गाडीत बसून गेली. म्हने, पोरगी समोरच्या टेशनावर थांबली हाय."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मी शहराच्या हिशेबाने परत फिरले होते आणि ती गावच्या हिशेबाने पुढे निघाली होती. मी त्याच गावची लेक, पण मला ते सुचलं नाही.  मग मी तिच्या मागे निघाले. प्रत्येक स्टेशनवर उतरून पाहायचं, विचारायचं, पुढची गाडी धरायची, असं चाललं होतं. माय पहिल्या स्टेशनवर उतरली होती, मी दिसले नाही म्हणून पुढच्यावर गेली, आणि तिथूनही पुढे. अगदी शेवटच्या स्टेशनवर कोणीतरी तिला बाकावर बसवून पाणी दिलं होतं. तिथे ती सापडली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. माझा हात चाचपून तिने एवढंच विचारलं, "थांबली नाईस काऊन वं?"

दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर निघून गेले होते. नवी तारीख मिळाली. परतीच्या एसटीत माय म्हणाली, "मले आता नाई येयाचं." मला वाटलं, दमली आहे, उद्या विसरेल. नाही विसरली. मी समजावलं, भांडले, नवऱ्याला बोलायला लावलं, रडलेसुद्धा. दारापासून दारापर्यंत गाडी करते म्हटलं. तिचं एकच, "मागच्याले सोडून जातेत तिथी. मले नको नेऊ बाई." त्या दिवशी तीन-चार फलाटांवर तिने मला शोधलं होतं. त्यात ती किती घाबरली असेल याचा अंदाज मला नव्हता, आणि ती सांगत नव्हती. मोठ्या माणसाला उचलून तर नेता येत नाही. तारीख आली आणि गेली.

या दिवाळीत राजुऱ्याच्या सासरहून माहेरी गेले, तेव्हा ती अंगणात उन्हात बसली होती. मी काही न बोलता तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने मान वर केली, माझ्याकडे डोळे लावले आणि विचारलं, "कोन होय?"