दारं लावून पाहिली होती का

आमच्या ह्यांचं नाव लोटन. देवपुरात घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिथे पस्तीस वर्षं ह्यांनी ट्रकच्या आणि टेम्पोच्या बॉड्या बांधल्या. टेपच्या आधी ह्यांचा डोळा चालायचा. लांबूनच म्हणायचे, "डावीकडे सूतभर खाली शे." टेप लावली की तेवढंच निघायचं.

मी रोज वही लिहिते. विहारातल्या धम्मवर्गापासूनची सवय. कोण आलं, काय शिजवलं, पौर्णिमेचा उपोसथ पाळला की नाही. दोन वर्षांपासून त्याच वहीत ह्यांची मापंही असतात. वेल्डिंगच्या उजेडानं डोळ्याच्या पडद्याला मार बसलाय, ऑपरेशननं काही होणार नाही असं डॉक्टर म्हणाले. हे टेप ताणून अंगठ्यानं जागा दाबतात आणि म्हणतात, "लिख वं." मी आकडा वाचते, लिहिते. दिसत नाही, हा शब्द आमच्यात कुणी काढला नाही.

मार्गशीर्षात जळगावचे रुपचंदशेठ एक जुनी विलायती मोटार घेऊन आले. छत कापून बुटकं केलेलं, इंजिन उघडं, मागची चाकं ट्रॅक्टरसारखी. शेठ तिला हॉट रॉड म्हणत. शेजारच्या गॅरेजमधला अरशद बघायला आला.

"लोटनआबा, ही मोटार आहे का बसलेला बैल? मागून वर, पुढून खाली."

"तुन्ही लगीननी घोडीपेक्षा बरी शे," हे म्हणाले. खूप दिवसांनी हसले.

बॉडी ज्यावर बसते त्या खालच्या दोन लांब पट्ट्या, रेल, गंजून भुसा झाल्या होत्या. तसे नवे रेल कुठे मिळत नाहीत, हातानंच घडवायचे. ह्यांचा जुना नियम असा, की असलं काम करताना आधी दारं लावून बघायची. नीट लागली, म्हणजे बॉडी सरळ आहे, तर दाराच्या चौकटीत आडवा पाईप वेल्डिंगनं टाचायचा, म्हणजे कापताना बॉडी खचत नाही. मग कापायचं.

गाडीची दारं रंगाला गेलेली, ती दुसऱ्या दिवशी गोधडीत गुंडाळून आली. कोपऱ्यात उभी केली. ह्यांनी पाईप टाचायला घेतला तेव्हाही ती तिथेच उभी होती. पाईपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं. माझ्या मनात आलं, दारं? पण बोलले असते तर दिसत नाही हेच बोलल्यासारखं झालं असतं. मी पाईप तसाच धरून ठेवला. दुपारी वहीत लिहिलं: पाईप टाचले. दारं लावून पाहिली नाहीत.

बावीस दिवस ह्यांनी सोळा गेजचा पत्रा लाकडी हातोड्यानं वाकवला. मी विहारातून आले की रेलवरून हात फिरवताना दिसायचे, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. ते दिवस चांगले होते.

शेठ आले. दारं चढवली. डावं दार बोटभर वर राहिलं, उजवं लागेचना. शेठांनी दोनदा आपटून पाहिलं. "आबा, तुमच्या नावावर आलो होतो मी," एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी ट्रेलर घेऊन आले नि गाडी नरडाण्याच्या कारखान्यात नेली.

त्या संध्याकाळी हे ओट्यावर बसले. म्हणाले, "वही आन. त्या रोज दारं लाईसन देखेल व्हतं का मी? वाच."

मी पान काढलं. अक्षर माझंच, स्वच्छ. ह्यांचा चेहरा बघितला आणि वाचलं, "दारं लावून पाहिली. बरोबर बसली." वाटलं, ह्यांचं विसरणं तरी झाकलं जाईल. गाडीच तसली होती, एवढं म्हणतील नि सोडून देतील.

हे म्हणाले, "पहिले बराबर व्हती, मंग आते लागत नही. म्हंजे रेलच वाकडा शेतस." उजवा पंजा उलटासुलटा करून डोळ्यांजवळ नेला. "डोळा गया ते चालनं. हात गया मन्हा."

मी लगेच खरं सांगितलं. अहो, पाहिलीच नव्हती दारं, बॉडी आधीच खचलेली होती, आपण खचलेलीच पक्की केली. वही पुढे केली.

"माले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन सांगी ऱ्हायनी तू," ते म्हणाले. वही वाचता कुठे येते त्यांना. अरशदला बोलावून वाचायला लावलं. त्यालाही म्हणाले, "तुले तिनंच शिकाडं." दुसऱ्या दिवशी लाकडी हातोडा त्यालाच देऊन टाकला.

नरडाण्याच्या लोकांनी कापून काढलेला एक रेल अरशदनं आणून दिला. भिंतीला लागून पडलाय. मी दोरी ताणून लावते, सुतासारखा सरळ आहे. ह्यांचा हात धरून त्यावर ठेवला, तर काढून घेतला.

"तुले काय समजस त्यामां."

पौर्णिमेला विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणते. खोटं न बोलण्याच्या शीलापाशी माझा आवाज निघत नाही. घरी येते तर हे शेडच्या दाराशी बसलेले असतात, शेडकडे पाठ करून.