हाविकसाठी कच्चा दोरा

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आमच्या गल्लीतून निघालो तेव्हा गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. रीट त्यांच्या गाडीतून पुढे आणि मी फिट्सवरून (म्हणजे सायकलवरून) मागे, अशी आमची वरात. समोरासमोर राहणाऱ्या, एकाच शेताकडे निघालेल्या दोघी बायका. पण एका गाडीत बसायची सोय नव्हती. करोनाची पहिली लाट ओसरून दुसरी चढत होती आणि दुकानाच्या दारापासून बसथांब्यापर्यंत जिकडेतिकडे ‘दीड मीटर’ लिहिलेलं होतं. इतकी वर्षं इथे राहून माझं डच यथातथाच, पण तेवढे दोन शब्द मी झोपेतसुद्धा बिनचूक म्हटले असते.

रीट औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होत्या. आता निवृत्त, सत्तरी ओलांडलेल्या, पण पाठ ताठ. त्यांच्याकडे शिकारीचा परवाना होता. रानकबुतरं कोबीच्या शेतावर उतरली की पानांची चाळण करतात, म्हणून आसपासचे शेतकरी रीटना बोलावत. त्यांचे यजमान विम बंदुकीला हात लावत नसत. ते बरोबर जायचे ते पक्षी बघायला. “ती पाडते, मी पाहतो,” असं मोठ्या अभिमानाने सांगायचे. मार्चमध्ये विम गेले. इस्पितळात रीटना आत सोडलं नाही. अंत्यविधीला मोजक्याच खुर्च्या, त्याही लांबलांब. मुलींनासुद्धा आईला जवळ घेता आलं नाही. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून गाडी जाताना हात जोडले. रीटची छाती आधीच अधू, त्यामुळे त्यानंतर त्यांनी कुणालाच अंगणाच्या आत येऊ दिलं नव्हतं.

म्हणूनच एका संध्याकाळी त्या रस्त्यापलीकडून मला हाक मारून म्हणाल्या, “अनघा, मुली मला एकटीला शेतावर जाऊ देत नाहीत. विमची जागा रिकामी आहे. येशील? बंदूक धरायची नाही. नुसतं बसायचं आणि गप्प राहायचं.”

“दुसरी अट तिला जड जाईल,” आमचे समीरराव आतून म्हणाले. मराठीत म्हणाले म्हणून वाचले.

कबुतरांबद्दल मला माया होती असं नाही. पुण्याला आईने त्यांच्यापायी गॅलरीला जाळी ठोकून घेतली आहे आणि तरी रोज सकाळी ती त्यांना शिव्या घालते. पण इथलं हाउटडाउफ (रानकबुतर) म्हणजे प्रकरण वेगळं. आपल्या पारव्याच्या दीडपट, गळ्याला पांढरा पट्टा, छातीवर फिकट जांभळी झाक. एखाद्या सुखवस्तू घरातल्या काकूंसारखं ते कोबीतून डुलत चालतं.

शेत कालव्याला लागून होतं. एका बाजूला पॉपलर झाडांची निष्पर्ण रांग, पलीकडे सपाट जमीन, आणि तिच्यावर आभाळ इतकं खाली आलेलं की हात वर केला तर लागेल. फिट्स टेकवून उभी राहते तोच डोक्यावर एक छोटा ससाणा हवेत एकाच जागी थांबलेला दिसला. पंख थरथरत होते, शेपटी पंख्यासारखी उघडलेली, आणि डोकं मात्र अगदी स्थिर. रीट हळूच म्हणाल्या, “टोरनफाल्क.” (आपला खरुची ससाणा तो हाच.) वाऱ्यावर असं उभं राहायचं म्हणजे काय कसब! मी हातातली पिशवी तशीच धरून बघत राहिले. कुंपणाच्या खांबावर एक जाडजूड तपकिरी बाउझर्ड (घारीएवढा शिकारी पक्षी) बसला होता. तो पेन्शनर माणसासारखा आमच्याकडे बघत होता आणि उठायची त्याची काही इच्छा नव्हती.

मग कामाला लागलो. रीटनी जाळीचे दोन आडोसे उभे केले, एकमेकांपासून नीट अंतर ठेवून. मागच्या वेळची मेलेली कबुतरं शेतात मांडायची, म्हणजे वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं की खाली पंगत बसली आहे. वाऱ्याने ती कलंडू नयेत म्हणून खुंटीला बांधायची. हे काम विमचं. रीटनी खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढून जमिनीवर ठेवलं आणि त्या मागे सरकल्या. मग मी ते उचललं. शिवणाचा साधा कच्चा दोरा. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत हे रीळ नेहमी दिसायचं आणि मला वाटायचं, बाई शिवतात.

“एकच वेढा, सैल गाठ,” त्या म्हणाल्या. “विम असंच बांधायचा.”

का, ते मी विचारलं नाही. गप्प राहायची अट होती ना!

मी बांधलं. पण कडेचं कबुतर वाऱ्याने उलटं झालं आणि दोरा तुटला. पुन्हा बांधलं, पुन्हा तुटला. ज्यांनी मुंबईच्या विमानतळावर आईवडिलांनी नायलॉनच्या दोरीने आवळलेल्या बॅगा उचलल्या आहेत, त्यांना माझी तगमग कळेल. आपल्याकडे गाठ म्हणजे कशी, ती कात्रीशिवाय सुटता कामा नये. आडोशाच्या पिशवीत नायलॉनची बारीक दोरी होती. मी तिने ते कबुतर खुंटीला असं जखडलं की बाबांनी शाबासकी दिली असती. रीट तेव्हा पाठमोऱ्या होत्या.

मग आपापल्या आडोशात बसून आम्ही खाल्लं. त्यांनी एक वोर्स्टनब्रोत्ये (आत सॉसेज घालून भाजलेला लांबट पाव) कागदात गुंडाळून माझ्याकडे फेकला आणि मी तिखटमिठाच्या पुऱ्यांची पुडी फेकली. ओव्याच्या वासाने त्या खूश झाल्या. दोनतीनदा बार झाले, कबुतरं पडली. पहिल्या बाराला मी दचकले आणि चहा मांडीवर सांडला. सपाट शेतावर आवाज लांबवर गेला आणि विरला.

नंतर एकदम सगळं शांत झालं. थवा पॉपलरवरून उठला आणि फुटला. जमिनीलगत काहीतरी करडं, सरळ, भयंकर वेगाने आलं. मला पंख दिसले, पट्ट्यापट्ट्यांची छाती दिसली, आणि मग कडेच्या कबुतरावर धाड! “हाविक!” रीट ओरडल्या. आपल्या शिक्र्याची थोरली बहीण म्हणावी अशी ती मादी. इतकं देखणं, इतकं जबर काही मी आयुष्यात इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

तिने कबुतर उचललं आणि ती वर झेपावली. खुंटीने तिला मागे खेचलं. ती पुन्हा उडाली, पुन्हा आपटली. दोरी तिच्या पायाला वेढत गेली.

“दोरा तुटत का नाही?” रीट म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काय बांधलंस तू?”

“नायलॉन,” मी म्हणाले. “वाऱ्याने पडत होतं म्हणून.”

“कडेचं कबुतर तिचं असतं. ती ओढून नेते, दोरा तुटतो. विम तिच्यासाठीच सैल बांधायचा. पाय मोडला तर ती मेली, अनघा. विमची हाविक आहे ती.”

त्यांनी बंदुकीतून काडतुसं काढून ती बाजूला ठेवली आणि आम्ही धावलो. हाविक उताणी पडली होती, नख्या वर, डोळे नारिंगी, निखाऱ्यासारखे. मी जाकीट काढून तिच्यावर टाकलं. डोकं झाकताच ती थोडी थांबली. मी दोन्ही हातांनी तिला धरलं. तेवढ्यात एक नखी बाहीतून आत घुसली, पण मी सोडलं नाही. तिचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं.

चाकू रीटकडे होता. त्या दीड मीटरवर थांबल्या. मी त्यांना बोलवू शकत नव्हते. माझी मुलगी रोज शाळेत जाऊन येते, समीर दुकानात जातो. माझ्या श्वासात काय आहे ते मला तरी कुठे ठाऊक होतं? आणि रीटचा मास्क गाडीत राहिला होता, माझा फिट्सला अडकवलेला. मी मान शक्य तितकी वळवली आणि श्वास कोंडून धरला.

रीट आल्या. गुडघे टेकून, माझ्या खांद्याला खांदा लावून बसल्या. त्यांनी पायाभोवतीचा एकेक वेढा कापला. त्यांचे पांढरे केस माझ्या गालाला लागत होते. शेवटचा वेढा निघाला तेव्हा त्यांनी त्या पिवळ्या पायावरून बोट फिरवून पाहिलं. “मोडलेला नाही,” त्या म्हणाल्या. मी जाकीट उचललं. हाविक क्षणभर आमच्याकडे रागाने बघत राहिली आणि मग उडाली, थेट पॉपलरवर. तिथे बसून तिने पिसं झटकली. काय ऐट होती त्या झटकण्यात!

मी उठायला लागले. रीटचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो त्यांनी काढला नाही.

“मार्चनंतर मी माणसाला हात लावलेला नाही,” त्या म्हणाल्या. मग त्या रडल्या, आणि मीही रडले. दुरून कुणी पाहिलं असतं तर दंडच झाला असता. निघताना त्यांनी ते कबुतर सोडवून कुंपणापाशी ठेवलं. मी फिट्स काढून रस्त्याला लागेपर्यंत हाविक ते घेऊन गेली होती.

घरी मुलीने डचमध्ये विचारलं, “आई, काय मारलंस?” मी म्हटलं, “काही नाही गं.” समीरने फाटलेली बाही शिवून टाक म्हणून सांगितलं, मी शिवली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. घरात कुणी शिंकलं की मी धावत जाऊन कपाळाला हात लावून बघायचे; माझ्याकडून रीटना लागण झाली असेल तर? इथे पडदे उघडे टाकायची पद्धत आहे. रोज सकाळी चहा ठेवण्याआधी मी समोरची खिडकी पाहायचे. रीटचा पडदा उजाडताच उघडायचा, मग मी दूध तापवायला घ्यायचे. आणि एका सकाळी तो उघडला नाही. मुलगी शाळेत गेली, कचऱ्याची गाडी येऊन गेली, पडदा तसाच. फोन वाजून वाजून थांबला. मी मास्क चढवून रस्ता ओलांडला, त्यांच्या अंगणाच्या फाटकाला हात घातला आणि मला हाविकची खुंटीवरची ती धडपड आठवली. मी करून ठेवलेली आणखी एक पक्की गाठ, एवढंच मनात येत होतं.

तेवढ्यात पडदा सरकला. रीट झोपेच्या कपड्यांत, केस विस्कटलेले. त्यांनी खिडकी उघडली.

“झोपले होते गं,” त्या ओशाळून म्हणाल्या. “मार्चनंतर पहिल्यांदा अशी झोप लागली.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खिडकीतलं दोऱ्याचं रीळ उचललं आणि माझ्याकडे फेकलं. मी ते झेललं.

“शनिवारी,” रीट म्हणाल्या. “दोरा तूच बांध.”