विहिरीतलं कासव

मी शाळेत मराठी शिकवायचो आणि वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं तयार करायचो. सांगलीत मला जो काही मान होता तो त्यामुळेच. "मास्तरांच्या हाताखालून गेलेलं पोरगं स्टेजवर अडखळत नाही," असं लोक म्हणायचे. माझी स्वतःची मुलगी मात्र अडखळायची. क, प, ब या अक्षरांवर तिची जीभ अडायची, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. मला तिची दया आली नाही. लाज वाटली. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्यासाठी सबब शोधायला नको.

शेजारी एक ट्रक ड्रायव्हर राहायचे. मुलगी त्यांना चाचा म्हणायची. आंध्रातून मिरची भरून येताना एकदा त्यांनी केबिनमधून कासव आणलं. ओंजळीत मावेल एवढं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. असलं जनावर पाळणं गुन्हा आहे हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणाच्या गावीही नव्हतं. शाळेतून आली की मुलगी दप्तर टाकून त्यांच्या अंगणात पळायची आणि कासवाला कोथिंबीर भरवायची. शेवटी चाचाच आमच्या दारात आले.

"मास्तर, मी घरात असतोय कवा? लेकराला देऊन टाकतो. गप जनावर हाय. भुकत न्हाई, चावत न्हाई."

बायकोनं विचारलं, "जगतं किती?"

"शंभर वर्सं म्हंत्यात."

"अगंबाई! मग आम्ही गेल्यावर त्याला कोण बघणार?"

"आवं वैनी, तेच बघंल की तुमच्या नातवंडांस्नी."

सगळे हसले. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "तिला हवंय ना? मग तिनं मागावं. 'बाबा, मला कासव पाळायचंय.' एवढं एकच वाक्य, न अडखळता. ज्या दिवशी म्हणेल त्या दिवशी आणू."

वाक्य मी मुद्दाम बांधलं होतं. तिला न जमणारी तिन्ही अक्षरं त्यात होती.

मग जेवायला बसलं की माझं सुरू व्हायचं, "हं, वक्तेबाई, बोला." ती 'ब'वर अडायची. मी भाकरी मोडत म्हणायचो, "गाडी मिरज जंक्शनातनं सुटायची कधी?" पाहुणे असले की मला जास्तच चेव यायचा. पाहुणे हसायचे आणि ती ताटातल्या आमटीत बघत बसायची. बायको एकदा म्हणाली, "अहो, जेवू तरी द्या तिला." मी म्हणालो, "मी तिला शिकवतोय."

दिवाळीत आमच्या शाळेचे हेडमास्तर आणि दोन-तीन शिक्षक फराळाला आले होते. मी न बोलावताच मुलगी बाहेर आली, हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला कासव पाळायचंय." कुठेही अडली नाही. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. "मास्तर, घरीसुद्धा तयारी करून घेता म्हणायचं!" मी हसून ते श्रेय घेतलं.

त्याच संध्याकाळी चाचांनी कासव आणून दिलं. मुलगी वाटी आणायला आत गेली तेव्हा ते मला म्हणाले, "तेवढं पान्यात सोडू नगा. माळावरचं हाय, बुडंल."

तिनं ते वाक्य कसं जमवलं ते मला थोड्याच दिवसांत कळलं. मागच्या पडवीत ती पालथी पडून कासवाशी बोलत होती. मी दाराआड थांबलो. "बाबांची चप्पल वाजली की पाय आत घ्यायचे, डोकं आत घ्यायचं. मी पण तसंच करते. मग काही लागत नाही." सगळं सरळ, वाहत्या पाण्यासारखं. माझ्यासमोर जी वाचा बंद व्हायची ती एका जनावरासमोर मोकळी होत होती, आणि बोलत होती ती माझ्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी कासव बाजारच्या पिशवीत घातलं आणि स्कूटरवरून पलूसजवळच्या आमच्या गावी गेलो. वाटेत माळ लागतो. तिथं गवत होतं, दगडांची सावली होती. पिशवी तिथं उलटी केली असती तरी चाललं असतं. मी थांबलो नाही.

आमची विहीर चिऱ्यांनी बांधलेली आहे, तिला पायऱ्या नाहीत. कासव लगेच बुडालं नाही. मान वर काढून ते भिंतीकडेनं फिरत होतं, चिऱ्याला नखं लावत होतं, निसटत होतं. दोर लावलेली बादली काठावरच होती. मी हात न लावता बघत उभा राहिलो. पाणी स्थिर झाल्यावर घरी आलो.

मुलीला सांगितलं, "त्याचं घर पाण्यात. आपल्या विहिरीत सोडलंय, शंभर वर्षं जगेल." पाणी स्वच्छ राहावं म्हणून आमच्याकडे विहिरीत कासव सोडतात, त्यामुळे गावात कुणाला नवल वाटलं नाही. ती रडली नाही. फक्त विचारलं, "हाक मारली तर प-पाण्यावर येईल?" मी म्हणालो, "येईल कधीतरी."

कुत्रं किंवा मांजर असतं तर दहा-बारा वर्षांनी ते म्हातारपणानं मेलं असं सांगून मी सुटलो असतो. कासवाला मरायची सोय नव्हती. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ती काठावर ओणवी होऊन तासन्‌तास विहिरीशी बोलायची. माझा पुतण्या तिला खूश करायला सांगायचा, "आक्का, परवा दिसलं की! ताटलीएवढं झालंय." तिचं अडखळणं हळूहळू गेलं. आज ती कोल्हापूरला कॉलेजात शिकवते. कुणी विचारलं तर सांगते, "मी आमच्या विहिरीपाशी बोलायला शिकले." चांदण्यांच्या कासवाला पोहता येत नाही, हे तिनं फोनवर कधी बघितलंच नसेल, की बघून फोन बाजूला ठेवला असेल? मी कधी विचारलं नाही.

यंदा पुतण्यानं विहिरीचा गाळ काढायला क्रेन लावली. मुलीचा मुलगा फ्लॅटमध्ये कासव पाळू दे म्हणून हट्ट धरून बसला होता. ती त्याला घेऊन आली. "आपलं आहे की रे, आजोबांनी सोडलेलं. पाणी उपसलं की दिसेल."

गाळाची एकेक बादली वर येत होती. नातू काठावरून वाकून बघत होता. पुतण्या माझ्या कानाशी आला, "काका, कपारीत गेलं आसंल, आसं सांगू का पोराला?" मी 'हो' म्हणून मान हलवणारच होतो. तेवढ्यात मुलीनं पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढून माझ्या हातात दिली. "तुम्ही टाका, बाबा. तुम्हाला ओळखेल ते."

मग मी सगळं सांगितलं. ते माळावरचं होतं, हे मला माहीत होतं. बादली शेजारी होती. बुडेपर्यंत मी बघत होतो. तिचं पडवीतलं बोलणं ऐकलं होतं म्हणून.

क्रेनवाल्यानं मशीन बंद केलं. मुलगी माझ्याकडे वळली. तिनं तोंड उघडलं.

"ब... ब... ब..."

मान ताठ झाली, डोळे मिटले. नातवानं आईला असं कधी बघितलं नव्हतं. त्याला वाटलं ती कुणाची तरी नक्कल करतेय. तो खदखदून हसायला लागला.

"हसू नकोस रे," मी त्याला म्हणालो. तिच्या लहानपणी ताटावर बसून हसणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणालाही मी हे म्हणालो नव्हतो.

ती अजून पहिल्याच अक्षरावर होती.