गतिरोधकाआधी उतरायचं

आमच्या गाडीचा एक नियम होता. महाळुंग्यातून चाकणच्या रस्त्याला लागताना तो उंच गतिरोधक आला, की आप्पांखेरीज सगळ्यांनी उतरायचं. गाडी जुनी, स्प्रिंगा बसलेल्या. भरल्या गाडीचं पोट तिथं घासायचं आणि तो आवाज थेट आप्पांच्या काळजाला लागायचा. ते एकटे गाडी पलीकडे न्यायचे, आम्ही मायलेकी मागून चालत. सगळ्यांत वजनदार माणूस आत आणि आम्ही खाली, हे मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे. आप्पांना तेवढंच ऐकू यायचं नाही.

मग आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तिला चढणं-उतरणं जमेना. आप्पांनी भोसरीला जाऊन चारही स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे बसवून आणले. गाडी चांगली दोन बोटं उचलली. "आता हिला उतराया नगं," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

आई त्या गाडीत एकदा बसली, ती पुन्हा बसलीच नाही. राजगुरुनगरला तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. मावशी फोनवर विचारायची, "कधी येतीस?" आई म्हणायची, "येती, जरा ऊन कमी होऊ दे." बहिणीसाठी जीव तुटतोय आणि निघायचं नाव नाही, याचा मला संताप यायचा.

मी चाकणला एका कंपनीत शॉकअप तपासते. दिवसभर लोकांच्या गाड्यांची काळजी, घरी दिव्याखाली अंधार. एका रविवारी सहज बॉनेटवर जोर दिला, तर गाडी हलेचना. चांगली गाडी दाबली की खाली जाते, वर येते आणि शांत होते. धक्का स्प्रिंगनं गिळायचा आणि उसळलेल्या स्प्रिंगला शॉकअपनं आवरायचं. इथं ठोकळ्यांनी स्प्रिंगला दबायला जागाच ठेवली नव्हती. प्रत्येक खड्डा सीटमधून आईच्या पाठीत जात होता.

आईला विचारलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "कळ निघती गं. पर त्यांनी किती हौसंनं बसवलंय. कसं सांगू?"

मला रडूच आलं. सांगायचं काम माझ्यावर आलं आणि मी ते चहाच्या वेळी, नको तेवढं फटकन केलं. आप्पांनी कप तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी ठोकळे काढून, नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप टाकून आले. "तिथं भरली गाडी घासंल," एवढंच मला त्या गतिरोधकाबद्दल म्हणाले.

त्याच आठवड्यात आम्ही राजगुरुनगरला निघालो. गाडी आप्पा चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, आई मागे बसली होती. गावातल्या खड्ड्यांवरून जाताना मी सारखी आरशात बघत होते. तिनं एकदाही ओठ आवळले नाहीत.

गतिरोधक आला. आप्पांनी गाडी थांबवली. सवयीनं माझा हात दाराकडे गेला.

"तू न्हाई," ते म्हणाले. "तू चालव."

आणि ते स्वतः उतरले. भर उन्हात रस्त्याकडेला वाकून गाडीच्या पोटाखाली बघत, हातानं "येऊ दे, येऊ दे" करत राहिले. गाडी न घासता पार झाली. मी पुढं थांबवली. आप्पा धापा टाकत, घाम पुसत येत होते. आई मागच्या काचेतून त्यांच्याकडे बघत होती. ते पुढच्या दाराशी पोचायच्या आत ती सीटवर थोडी सरकली आणि तिनं आपल्या बाजूचं दार उघडलं.

"हितं बसा," ती म्हणाली.

राजगुरुनगरपर्यंत गाडी मीच चालवली.