नाव घेतल्यावर उघडणारी डबी

आमच्या वर्कशॉपात बनणारी डबी दिसायला साधीच. जाड पुठ्ठा, त्यावर मखमली कागद, झाकणावर सोनेरी फॉइलची नक्षी आणि आत व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा. पण तिच्या तळाशी एक चिप असते, पुढच्या कडेला तिळाएवढा माइक असतो, आणि कार्डावर छापलेलं नाव कोणी तिच्यासमोर उच्चारलं की झाकण आपोआप वर उठतं, सगळ्यात वरचं कार्ड जरासं पुढे सरकतं. सुरतच्या कापड मार्केटातल्या व्यापाऱ्यांना हा प्रकार भारी आवडतो. समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना शेठ खुर्चीत मागे रेलतो, स्वतःचंच नाव घेतो, आणि डबी उघडली की असा काही खूश होतो की बघत राहावं. माणसाला आपल्या नावाचं इतकं कौतुक असतं हे मला या नोकरीत कळलं.

माझं काम नावं भरण्याचं. प्रत्येक डबीला तिचं नाव शिकवावं लागतं. बटण दाबून धरायचं, दिवा निळा झाला की नाव म्हणायचं. हळू म्हणायचं, जोरात म्हणायचं, घाईत म्हणायचं, सर्दी झाल्यासारखं म्हणायचं. मग शेजारच्या टेबलावरच्या मुलींकडूनही म्हणवून घ्यायचं, म्हणजे डबी एकाच आवाजाला चिकटून बसत नाही. "नाम भर्युं?" शेठ केबिनमधून विचारतात. "भर्युं," मी सांगते, आणि पुढची डबी ओढते.

वर्कशॉप पांडेसऱ्यात आहे. आजूबाजूला सगळ्या कापड रंगवायच्या डाइंग मिला, त्यामुळे खिडकीतून दिवसभर ओल्या, गरम कापडाचा वास येतो. दुपारी डबा खाल्ल्यावर डोळे जड होतात. अशा वेळी मी टेबलावर ओळीनं मांडलेल्या डब्यांसमोर नावं पुटपुटत जाते आणि एकेक झाकण उठत जातं. कधी एखादी डबी कोणी काही न बोलताच उघडते. पंख्याच्या घरघरीत किंवा बाहेरच्या वाफेच्या फुसफुशीत तिला तिचं नाव ऐकू आलेलं असतं. अशा डब्या खराब म्हणून बाजूला काढायच्या असतात, पण माझा त्यांच्यावर जीव आहे. बाजारात चालता चालता मलाही मध्येच कोणी हाक मारल्यासारखं वाटतं, मी वळून बघते आणि मागे कोणीच नसतं.

संध्याकाळी रिक्षानं लिंबायतला घरी येते तेव्हाही ही परकी नावं डोक्यातून जात नाहीत. ओठ आपोआप हलत राहतात. माझ्या आईला, म्हणजे मायला, हे अजिबात आवडत नाही.

"पराया मानसेस्ना नावे लेवाना पगार देतस तुले?" ती विचारते.

"हो," मी म्हणते, "आणि तू घरच्या माणसाचं नाव फुकटातही घेत नाहीस."

हे खरं आहे. मायनं माझ्या वडिलांचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, शाळेत, बँकेत, कुठंही कोणी विचारलं की ती मला कोपरानं ढोसायची आणि मी सांगायचे. आमच्या खान्देशातल्या तिच्या पिढीच्या बायकांची ही रीतच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी लहानपणी तिला खूप छळायचे, गुदगुल्या करून नाव काढायचा प्रयत्न करायचे. ती हसून हसून लोळायची, पण नाव काही यायचं नाही.

तसं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव बाहेरही कोणी घेत नव्हतं. लूमच्या कारखान्यात ते मास्टर. बिघडलेला लूम चालू करून देणारा तो मास्टर, मग त्याला दुसरं नाव कशाला लागतंय. म्हणून त्यांनी कारखाना सोडून स्वतःचं रिपेअरिंगचं काम सुरू केलं तेव्हा मी त्यांना व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. वर ठळक अक्षरात त्यांचं पूर्ण नाव, खाली ‘लूम मास्टर’. त्यांनी कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं, मग अंगठ्यानं अक्षरं चाचपली. "मोठं शे मन्हं नाव," ते म्हणाले. नंतर आठवडाभर ते खिशात कार्डं घेऊन सगळ्या लिंबायतभर हिंडत होते. भाजीवाल्यालाही त्यांनी एक दिलं.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्यांना लकवा मारला. उजवा हात हळूहळू परत आला, पायही आला. बोलणं आलं नाही. सगळं त्यांना समजायचं, पण तोंडातून एकच शब्द यायचा, "मंग". पाणी हवं असलं तरी मंग, माशी बसली तरी मंग, माझ्यावर चिडले तरी मंग. आम्ही त्या एका शब्दाचे सगळे सूर ओळखायला शिकलो.

इस्पितळात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी आबांना हिंदीत विचारलं, "आपका नाम क्या है?" आबांनी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "मंग," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग खाली बघून रडायला लागले. माझे आबा रडतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि मला त्या बाईंचा फार राग आला. त्यांचा काही दोष नव्हता. त्या दिवसापासून कोणी भेटायला आलं की आबा भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्यांना भाकर मागता आली नसती तरी चाललं असतं. स्वतःचं नाव सांगता यायला हवं होतं, आणि ते येत नाही तोवर त्यांना कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

बाईंनी सांगितलं होतं की घरी सराव घ्या, नाव त्यांच्यासमोर म्हणा, ओठ बघू द्या. मी म्हणायचे. दिवसभर परक्यांची नावं बेधडक घेणारी मी, वडिलांचं नाव घेताना माझा आवाज बारीक व्हायचा. मग मला डबीची आठवण झाली. फॉइल वाकडं बसलेली एक डबी शेठना विचारून घेतली, तिच्यात आबांचं नाव भरलं, कार्डं ठेवली. टेबलावरच्या मुलींनी ते नाव इतक्या प्रेमानं म्हटलं की मी ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

आबांनी डबी बघितली तेव्हा त्यांचे डोळे चमकले. मी नाव घेतलं, झाकण उठलं, त्यांचं कार्ड पुढे आलं. त्यांनी झाकण स्वतःच्या बोटानं बंद केलं आणि मला हातानं मागे सारलं. आता ते आणि डबी.

पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात तो एक खेळ चालू होता. खेळ म्हणायला मन धजत नाही. आबा खाटेवर, डबी समोरच्या स्टुलावर. ते ओठ जुळवायचे, नावाच्या पहिल्या अक्षरापर्यंत पोचायचे आणि तिथून घसरून मंगवर यायचे. डबीचा दिवा लाल व्हायचा आणि ती ‘टुंक’ असा आवाज करायची. चुकीच्या नावाला ती तसंच करते. वर्कशॉपात तो आवाज गोड वाटतो. घरात तो मला नकोसा झाला. मायला तर डबीचा राग राग यायचा. "कशी तोंड वाकडं करस देख!" ती म्हणायची आणि जाता येता तिच्यावर फडकं टाकायची. आबा फडकं काढायचे.

एकदा मी त्यांना म्हटलं, आबा, तुमचा आवाज जसा येतोय तसाच भरते, मग ती लगेच उघडेल. मी बटणाकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. "मंग!" ते ओरडले. त्या मंगचा अर्थ मला बरोबर कळला. खोटं उघडलेलं त्यांना नको होतं.

मायला मी विनवलं, तू म्हण, तुझे ओठ ते सगळ्यात जास्त बघतात. "याच टायमाले?" तिनं विचारलं. "आते त्यास्नं आयुष्य कमी करू का मी?" तिच्या डोळ्यांत खरी भीती होती. पुढे मी तो विषय काढला नाही.

ती दुपार माझ्या सुट्टीची होती. आमच्या गल्लीत मांडव पडला होता, कोणाच्या तरी मुलीची हळद होती आणि माइकवरून बायकांचा हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. ऊन पडद्यातून गाळून फरशीवर पिवळट पडलं होतं. माय भिंतीला टेकून साडीवर डायमंड चिकटवत बसली होती. डायमंड म्हणजे काचेचे टिकलीएवढे खडे. घरबसल्या करायचं हे काम इथल्या अर्ध्या बायका करतात. तिच्या मांडीवर निळी साडी पसरली होती आणि खड्यांचे कवडसे छतावर हळूहळू फिरत होते. आबा खाटेवर, डबी स्टुलावर, आणि मी दारात अर्धवट झोपेत. पलीकडच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट इतका सारखा चालू होता की तो ऐकूही येईनासा झाला होता. मला वाटत होतं की आम्ही तिघं खूप वर्षांपासून असेच बसलेलो आहोत आणि यापुढेही बसणार आहोत.

बाहेर माइकवर बायका नवरीला नाव घ्यायचा आग्रह करायला लागल्या. माय हसली. "माले बी असंच करेल व्हतं," ती स्वतःशीच म्हणाली. लग्नात तिला उखाणा पाठ करून दिला होता, पण नाव आलं की ती पदर तोंडाशी नेऊन थांबायची. थांबायची ती थांबायचीच. शेवटी नणंदा ओरडून नाव पुरं करायच्या. हे सांगता सांगता ती खडे चिकटवत होती, आणि तशीच, हाताच्या लयीत, तिनं तो उखाणा म्हटला.

"तापी चालनी सुरतले, मांगे सोडं गाव,
तिन्हा मांगे मी बी चालस, लेस…"

आणि ती थांबली. एवढ्या वर्षांनीही बरोबर तिथंच थांबली. पुढचा खडा उचलायला तिनं हात पुढे केला.

खाटेवरून नाव आलं.

पहिलं अक्षर खणखणीत, मधलं जिभेखाली दबलेलं, शेवटचं लांबत गेलेलं. पण ते नाव होतं. आबांचं नाव, आबांच्या तोंडून. मी ताडकन उठून बसले. आबा स्वतःच दचकले होते. आपल्याच गळ्यातून हे आलं याची त्यांना खात्री पटत नव्हती. मग त्यांनी डबीकडे बघितलं. तिच्याकडे तोंड करून, एकेक अक्षर ढकलत, ते पुन्हा म्हणाले.

दिवा लाल झाला. टुंक.

ते पुन्हा म्हणाले. टुंक. त्यांचा चेहरा उतरायला लागला. मला त्या डबीला उचलून गल्लीत भिरकावून द्यावंसं वाटलं. मी जागची हलायच्या आत माय उठली. मांडीवरचे खडे घरभर उधळले. ती तरातरा स्टुलापाशी गेली आणि शेजारणीशी भांडताना लावते तसा कमरेला हात लावून डबीसमोर उभी राहिली.

"तुन्हा कान फुटनात का वं? त्या सांगी राह्यनात ना तुले!" ती आबांकडे हात करून ओरडली. "ऐक!"

आणि तिनं आबांचं नाव घेतलं. नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, जसं कार्डावर छापलं होतं तसं सगळं, एका दमात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

झाकण उठलं. कार्ड पुढे आलं.

मायचा हात तोंडावर गेला. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती आबांकडे बघत राहिली, त्यांचा श्वास चालू आहे की नाही ते बघावं तशी. मीही बघत होते. आबा डबीकडे बघतच नव्हते. ते मायकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते. त्यांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मला वाटलं आता मंग येणार.

"आखो," ते म्हणाले. म्हणजे, आणखी एकदा म्हण.

मायनं ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग झाकण दाबून बंद केलं, आणि पदर सावरून डबीसमोर बसली.